विश्लेषण : परतीचे तिकीट आई-बाबांचे, स्थलांतर मुलांचे! परदेशातून मायदेशी येताना काय लक्षात घ्यावे?

ओसीआय कार्डाच्या तारखेने एकाच घरातल्या भावंडांचे हक्क वेगळे कसे होतात? शाळेचे वर्ष आणि आयकराचे वर्ष यांची गाठ कशी घालायची? आणि मुलांच्या लेखी ‘घर’ नेमके कोणते?

एक काल्पनिक, पण पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत सहज सापडेल असे कुटुंब डोळ्यासमोर आणू. आई-बाबा दोघे आयटीत. बारा वर्षे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये काढली. मोठी मुलगी आठ वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. आजी-आजोबा कोथरूडला. जूनच्या अखेरीस चौघे कायमचे परत आले. पहिले तीन आठवडे मजेत गेले, कारण मुलांच्या ओळखीचा भारत नेहमी तीन-चार आठवड्यांचाच होता. चौथ्या आठवड्यात मात्र मोठीने विचारले, ‘‘बाबा, आपण घरी कधी जायचं?’’ ‘‘अगं, हेच तर आपलं घर!’’ आजी म्हणाली. मुलगी गप्प बसली.

आई-बाबांच्या दृष्टीने ते ‘परत’ आलेले असतात. रस्ते, भाषा, नातेवाईक, बँकेतली रांग, सगळे ओळखीचे असते. मुले मात्र कुठून गेलेलीच नसतात, तर परत कुठून येणार? त्यांच्यासाठी हे नव्या देशात जाणे असते. कायद्याच्या नजरेतही पुष्कळदा तसेच असते. परतीचे नियोजन करताना घर, नोकरी आणि पैसा यांची यादी तयार होते. मुलांच्या बाबतीतले निर्णय पुढे ढकलले जातात आणि काही बाबतींत ते नंतर बदलता येत नाहीत.

परतीचा विचार आता का वाढतो आहे?

कारणे जुनी आहेत आणि नवीही. म्हातारे होत चाललेले आई-वडील हे सर्वांत जुने कारण. दुसरे कारण अमेरिकेतील अनिश्चितता. एच-१बी व्हिसावरील व्यक्तीची नोकरी गेली, तर नवी नोकरी शोधण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी साधारण ६० दिवस मिळतात. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही, त्यामुळे भारतीयांची रांग प्रचंड लांबली आहे. पालकांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, भारतात जन्मलेल्या मुलांचा हा आधार २१ व्या वर्षी संपतो. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. ‘एकदा जाऊ, जमले नाही तर पुन्हा येऊ’ हा जुना हिशेब त्यामुळे अवघड झाला आहे.

ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यांनाही ते खिशात ठेवून निर्धास्त परतता येत नाही. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहायचे असेल, तर निघण्यापूर्वी तिथे असतानाच ‘री-एंट्री परमिट’साठी अर्ज करावा लागतो. त्याची मुदतही जास्तीत जास्त दोन वर्षांची असते.

मुले कोणत्या देशाची?

या कुटुंबातील दोन्ही मुले अमेरिकेत जन्मली, म्हणून ती जन्माने अमेरिकी नागरिक. आई-बाबांकडे भारतीय पासपोर्ट. भारतात दुहेरी नागरिकत्वाला परवानगी नाही. त्यामुळे मुलांसाठी बहुतेक पालक ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ म्हणजे ओसीआय कार्ड काढतात. नावात ‘सिटिझन’ असले, तरी हे नागरिकत्व नाही. भारतात कितीही वेळा येण्याची आणि हवे तितके राहण्याची आजीवन मुभा, असे त्याचे स्वरूप आहे.

ओसीआय कार्डधारकाला मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (वारसाने मात्र मिळू शकते) आणि सरकारी नोकरीही सर्वसाधारणपणे मिळत नाही. मुलांचा अमेरिकी पासपोर्ट १६ वर्षांखालील वयात पाचच वर्षांसाठी असतो. दर वेळी नवा पासपोर्ट मिळाला, की तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत आणि मुलाचे नवे छायाचित्र ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवावे लागते. पासपोर्टचे नूतनीकरण करायचे तर पुण्याहून मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत जावे लागते. १६ वर्षांखालील मुलाच्या पासपोर्टला आई आणि वडील दोघांची संमती लागते. एक पालक परदेशात राहिला असेल, तर त्याचे संमतिपत्र आधीच तयार ठेवणे सोयीचे.

आजोबांच्या वाट्याला या नियमांचा पहिला चटका येतो तो बहुधा टपाल कार्यालयात. नातीच्या नावे सुकन्या समृद्धी खाते उघडायला ते हौसेने जातात. मुलगी दहा वर्षांच्या आतली आहे, पुण्यातच राहते आहे. तरीही खाते उघडत नाही, कारण ही योजना भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिक मुलींसाठी आहे.

४ मार्च २०२१ ही तारीख इतकी महत्त्वाची का?

परतणाऱ्या अनेक पालकांच्या नजरेतून सुटतो तो हा मुद्दा.

केंद्रीय गृह मंत्रालयाने ४ मार्च २०२१ रोजी ओसीआय कार्डधारकांच्या हक्कांबाबत अधिसूचना काढली. नीट, जेईई (मेन), जेईई (अ‍ॅडव्हान्स्ड) यांसारख्या अखिल भारतीय प्रवेश परीक्षांत ओसीआय विद्यार्थ्यांना अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने धरले जाईल. म्हणजे त्यांना एनआरआय कोट्यातील किंवा अधिसंख्य जागांवरच प्रवेश मिळेल, केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर नाही, असे तीत म्हटले आहे. त्याविरोधात विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की ही अधिसूचना पुढच्या काळासाठी लागू राहील. ज्यांना त्या तारखेपूर्वी ओसीआय कार्ड मिळाले होते, त्यांचे आधीचे हक्क कायम राहतील. जेईई (अ‍ॅडव्हान्स्ड)च्या माहितीपुस्तिकेतही हाच भेद केलेला असतो.

आता कोथरूडच्या घरात पाहू. मोठीचे ओसीआय कार्ड ती वर्षाची असताना, २०१८-१९ च्या सुमारास निघाले. धाकट्याचा जन्मच अधिसूचनेनंतरचा. दोघे एकाच शाळेत शिकणार, एकाच टेबलावर अभ्यास करणार. बारावीनंतर मोठी सर्वसाधारण जागांसाठी भारतीय विद्यार्थ्यांच्या रांगेत उभी राहू शकेल; धाकट्याचा वयाच्या चौथ्या वर्षापासूनचा सगळा काळ पुण्यात गेला, तरी आजच्या नियमानुसार तो एनआरआय रांगेत. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत एनआरआय जागांचे शुल्क सर्वसाधारण जागांच्या कित्येक पट असते, हे लक्षात घेतले तर फरकाची कल्पना येते.

उलट बाजूलाही अडचण आहे. अमेरिकी नागरिक म्हणून त्याला तिथल्या विद्यापीठात व्हिसाविना जाता येईल, केंद्र सरकारच्या शैक्षणिक साहाय्यासाठी अर्जही करता येईल. पण सरकारी विद्यापीठांतील सवलतीचे शुल्क सर्वसाधारणपणे त्या राज्यातील रहिवाशांना मिळते. पुण्यात वाढलेला मुलगा न्यू जर्सीचा रहिवासी ठरत नाही.

नियम पुढच्या तेरा-चौदा वर्षांत बदलूही शकतात. परंतु मुलांच्या शिक्षणासाठी किती पैसे बाजूला ठेवायचे, हे परतण्यापूर्वी ठरवताना आजचा नियम गृहीत धरणे भाग आहे.

मुलांना भारतीय नागरिकत्व मिळू शकते का?

मार्ग आहेत, पण अरुंद. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय पालकांनी जन्मापासून वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत केली, तर मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळू शकते. मात्र मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे त्या वेळी लिहून द्यावे लागते. वर्ष उलटल्यावर केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय असे मूल सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत दुसरे नागरिकत्व सोडले नाही, तर भारतीय नागरिकत्व जाते.

मुलाचे अमेरिकी नागरिकत्व पालकांना त्याच्या वतीने सोडता येत नाही, अशी अमेरिकेची भूमिका आहे. त्यामुळे बहुतेक मुलांसाठी खरा पर्याय अठराव्या वर्षानंतर उघडतो. पाच वर्षे ओसीआय म्हणून नोंद असलेली आणि अर्जापूर्वी वर्षभर भारतात राहिलेली सज्ञान व्यक्ती भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. त्यासाठी अमेरिकी नागरिकत्वावर पाणी सोडावे लागते. हा निर्णय त्या वेळी मूल स्वतः घेईल.

निघण्यापूर्वी कोणती कागदपत्रे हातात हवीत?

पहिले, जन्माचा दाखला, आणि तोही ‘अपोस्टिल’ केलेला. एका देशाचे सार्वजनिक कागदपत्र दुसऱ्या देशात ग्राह्य धरले जावे, यासाठी हेग कराराने ठरवलेले हे प्रमाणन आहे. भारतात हा करार २००५ पासून लागू आहे. अमेरिकेत जन्मदाखल्यावरचे अपोस्टिल ज्या राज्यात जन्माची नोंद झाली, त्याच राज्याकडून मिळते. पुण्यात बसून हे काम करायचे म्हटले, तर टपाल, शुल्क आणि मध्यस्थ यांत महिने जातात.

दुसरे, तारखांचा घोळ. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. लसीकरणाच्या कार्डावर किंवा शाळेच्या कागदावर ०४/०५/२०१८ असे असेल, तर ती ५ एप्रिल. पुण्यातला कारकून ती ४ मे अशी नोंदवतो. शाळेच्या दाखल्यात चुकलेली जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत पाठलाग करते. अर्ज भरताना महिना अक्षरांत लिहिणे हा सोपा उपाय.

तिसरे, शाळेची कागदपत्रे. पुण्यातल्या शाळा ‘शाळा सोडल्याचा दाखला’ मागतात. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत आपल्यासारखा दाखला देण्याची पद्धत नाही. म्हणून मूल कोणत्या इयत्तेत, कधीपासून कधीपर्यंत शिकले, याचे शाळेच्या लेटरहेडवरील सही-शिक्क्याचे पत्र आणि दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तके घ्यावीत. सुट्टी लागली, की तिथले शाळा कार्यालयही थंडावते. म्हणून हे काम मेमध्येच उरकलेले बरे.

चौथे, आधार. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी पालकांना परत आल्यावर लगेच आधारसाठी अर्ज करता येतो. ओसीआय मुलांना मात्र आधीच्या १२ महिन्यांत किमान १८२ दिवस भारतात राहिल्यावरच आधार मिळते. म्हणजे जूनमध्ये आलेल्या मुलांचे आधार डिसेंबर-जानेवारीपर्यंत निघत नाही. शाळेचा ऑनलाइन अर्ज त्या रकान्याशी अडला, तर पालकांनी घाबरू नये. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे.

शाळेत कोणत्या इयत्तेत बसवायचे?

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबर रोजी सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. अमेरिकेतही फर्स्ट ग्रेडचे वय साधारण सहा. त्यामुळे इयत्ता वयानुसार जवळपास जुळतात. अडचण येते ती वेळापत्रकाची. न्यू जर्सीतले शालेय वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होऊन जूनच्या उत्तरार्धात संपते. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात, तर अनेक सीबीएसई शाळांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेले असते. म्हणजे मूल पोहोचते तेव्हा वर्ग भरलेला असतो, मैत्रीच्या जोड्याही ठरलेल्या असतात. नावाजलेल्या शाळांत जागा आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात संपतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी घेता येत नाही. तरीही ‘मुलाशी गप्पा’ या नावाखाली काही शाळा अंदाज घेतातच. त्या वेळी अमेरिकेतून आलेल्या तिसरीच्या मुलीचे इंग्रजी वाचन पुढे आणि पाढे मागे, असे चित्र दिसले तर त्यात नवल नाही. दोन्हीकडचा भर वेगळा आहे.

मोठा प्रश्न लिपीचा. महाराष्ट्रातील २०२० च्या कायद्यानुसार पहिली ते दहावी सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक आहे. अनेक शाळांत जोडीला हिंदीही असते. घरात मराठी ऐकून वाढलेल्या मुलांना ती कळते, पण वाचता येत नाही. तिसरीच्या वर्गात इतर मुले जोडाक्षरे सफाईने लिहितात, तेव्हा ही ‘क’ आणि ‘फ’मधला फरक शोधत असते. इंग्रजीत हुशार असलेल्या मुलीला पहिल्यांदाच वर्गात मागे पडल्यासारखे वाटते. दिलासा एवढाच, की मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत असल्याने एक लिपी आली, की दोन विषयांचे दार उघडते. अमेरिकेतल्या अनेक शहरांत मराठी मंडळांच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालतात. परतण्याच्या आधी वर्षभर तिथे घातलेली मुले ही पहिली चढण सहज पार करतात.

जूनमध्ये यायचे की ऑक्टोबरमध्ये?

शाळेचे उत्तर ‘जून’. आयकराचे उत्तर बऱ्याचदा ‘ऑक्टोबर’.

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्या वर्षात भारतात १८२ दिवस किंवा अधिक राहिलेली व्यक्ती आयकरासाठी ‘निवासी’ ठरते. लीप वर्ष नसेल, तर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे दिवस मोजल्यास नेमके १८२ भरतात. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर परतणारा, त्या वर्षी आधी सुट्टीवर आलेला नसेल, तर बहुधा ते वर्ष ‘अनिवासी’ म्हणून काढतो. मात्र मागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील, तर ६० दिवसांचा वेगळा निकष लागू शकतो.

निवासी झाल्यावरही लगेच जगभरातील उत्पन्नावर कर लागत नाही. मागील दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असलेल्या, किंवा मागील सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांपेक्षा जास्त भारतात न राहिलेल्या व्यक्तीला ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो. त्याला आरएनओआर म्हणतात. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांना तो साधारण दोन, काही वेळा तीन आर्थिक वर्षे लाभतो. या काळात परदेशातील व्याज, लाभांश, तिथल्या शेअरविक्रीचा नफा यांवर भारतात सहसा कर लागत नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यातही निवासाची ही मूळ चौकट कायम आहे. एक गैरसमज मात्र टाळायला हवा. पुण्यात बसून अमेरिकी कंपनीसाठी काम केले, तर तो पगार परदेशी खात्यात जमा झाला तरी भारतात केलेल्या कामाचा असतो आणि त्यावर भारतात कर लागतो.

शाळा आणि कर यांच्या ओढाताणीत काही कुटुंबे मधला मार्ग काढतात. आई मुलांना घेऊन जूनमध्ये येते, बाबा ऑक्टोबरमध्ये, किंवा उलट. निवासाचा दर्जा व्यक्तीनुसार ठरत असल्याने कायद्याला ते चालते. मुलांना मात्र नवा देश, नवी शाळा आणि पालकांपैकी एक दूर, हे तिन्ही एकाच वेळी झेलावे लागते. वाचणारा कर किती, हे आधी आकड्यांत मांडून पाहावे. कित्येकदा तो चार महिन्यांच्या ताटातुटीच्या मोलाचा नसतो.

बँक खाती आणि निवृत्तीच्या निधीचे काय?

परकीय चलन व्यवस्थापन कायदा म्हणजे फेमा आयकरापेक्षा वेगळा विचार करतो. तिथे दिवसांपेक्षा हेतू महत्त्वाचा. कायमचे राहण्यासाठी परतलेली व्यक्ती लगेच निवासी मानली जाते. त्यामुळे एनआरई आणि एनआरओ खाती निवासी खात्यांत बदलण्यासाठी बँकेला कळवावे लागते. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील, तर आरएफसी खात्याची सोय आहे. एफसीएनआर ठेवी मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतात. परदेशात राहत असताना घेतलेले घर, शेअर, खाती परतल्यावरही बाळगायला फेमाची परवानगी आहे.

आरएनओआर काळ संपल्यावर मात्र ही सगळी परदेशी मालमत्ता विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक होते. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

अमेरिकेतील ४०१(के) खाते घाईत मोडू नये, असा सल्ला दिला जातो तो सयुक्तिक आहे. साडेएकोणसाठ वर्षांपूर्वी रक्कम काढल्यास तिथे नेहमीच्या कराखेरीज सर्वसाधारणपणे १० टक्के जादा कर लागतो. खाते तसेच ठेवले, तर त्यातील वाढीवर भारतात दरवर्षी कर लागण्याऐवजी रक्कम काढताना लागावा, अशी सवलत अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातील निवृत्ती खात्यांसाठी भारताने दिली आहे. सोशल सिक्युरिटीचा लाभ मिळण्यासाठी साधारण दहा वर्षांचे योगदान, म्हणजे ४० क्रेडिट, लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत करार नसल्याने तिथली अपुरी वर्षे इथल्या नोकरीशी जोडता येत नाहीत. नऊ वर्षे झालेल्याने दहावे पूर्ण करायचे का, याचा विचार तिकीट काढण्यापूर्वी करावा.

मुलेही यातून सुटत नाहीत. ती अमेरिकी नागरिक असल्याने त्यांच्या नावावरील भारतीय खात्यांतील एकत्रित रक्कम वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर अमेरिकेला त्याची माहिती द्यावी लागते. आजीने कौतुकाने नातवाच्या नावे केलेली मोठी मुदत ठेवही यात मोजली जाते.

आरोग्य विमा, लसी आणि सामान

नोकरीतून मिळालेला अमेरिकी विमा तिथेच संपतो. भारतातील वैयक्तिक आरोग्य विम्यात पहिले ३० दिवस अपघात वगळता भरपाई मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागू शकते. परतण्याच्या काही महिने आधीच पॉलिसी घेतली, तर हा काळ लवकर सुरू होतो. काही कंपन्या अनिवासींनाही पॉलिसी देतात.

लसींच्या बाबतीत दोन देशांची वेळापत्रके वेगळी आहेत. टायफॉइडची लस अमेरिकेत मुलांना सरसकट दिली जात नाही. बीसीजीही तिथे नेहमीच्या वेळापत्रकात नसल्याने दंडावर व्रण नसतो आणि शाळेच्या आरोग्य तपासणीत त्यावरून विचारणा होते. मुलांचे लसीकरण कार्ड घेऊन पहिल्याच महिन्यात बालरोगतज्ज्ञांना भेटावे. कोणती लस आता द्यायची आणि कोणत्या लसीचे वय उलटून गेले, हे तेच सांगू शकतील.

घरगुती सामानासाठी सीमाशुल्कात ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ची सवलत आहे, परदेशातील वास्तव्याच्या कालावधीनुसार तिची मर्यादा बदलते. वस्तूंची किमतींसह यादी करून चालू नियमांशी ताडून पाहावी. मिक्सर, हेअर ड्रायरसारखी उपकरणे आणण्यात अर्थ नाही, कारण तिथे वीज १२० व्होल्टची, इथे २३० ची. जहाजाने येणाऱ्या खोक्यांना कित्येक आठवडे लागतात. धाकट्याचा झोपतानाचा अस्वल त्या खोक्यात गेला, तर पुढचे दीड-दोन महिने रोज रात्री त्याची किंमत मोजावी लागते. तो हातातल्या बॅगेतच हवा.

मुलांच्या मनात काय चालते?

आई-वडिलांच्या देशाची एक संस्कृती, वाढलेल्या देशाची दुसरी आणि या दोन्हींच्या मधली आपली अशी तिसरी, या अर्थाने समाजशास्त्रात ‘थर्ड कल्चर किड्स’ अशी संज्ञा आहे. ती रूढ करणाऱ्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम यांनी १९५० च्या दशकात ज्या कुटुंबांचा अभ्यास केला, ती भारतात राहणारी अमेरिकी कुटुंबे होती. आज तोच अनुभव उलट दिशेने पुण्यात येतो आहे. जपानमध्ये तर परदेशात वाढून परतलेल्या मुलांसाठी ‘किकोकुशिजो’ असा स्वतंत्र शब्दच आहे आणि अनेक शाळा-विद्यापीठांत त्यांच्यासाठी प्रवेशाची वेगळी सोय असते. आपल्याकडे अशा मुलांना ‘एनआरआय’ म्हणून मोकळे होतात. त्या शब्दात कौतुक आणि टोमणा दोन्ही मावतात.

वयानुसार फरक पडतो. चार वर्षांचा मुलगा काही महिन्यांत सोसायटीतल्या मुलांसारखे बोलू लागतो. त्यात एक गंमत घडते. मुलांना मराठी यावी म्हणून आलेल्या कुटुंबातले मूल खेळाच्या मैदानावर आधी हिंदी उचलते! आठ वर्षांच्या मुलीला मात्र सोडून आलेली शाळा, मैत्रीण, सायकल सगळे आठवत असते. तिच्या उच्चारांवर वर्गात हसू फुटते. ‘तुम्ही’ वापरायची सवय नसल्याने ती आजोबांच्या मित्रालाही ‘तू’ म्हणून जाते आणि मोठी माणसे भुवया उंचावतात. तिने उद्धटपणा केलेला नसतो. तिच्या मराठीत तो शब्द अजून आलेला नसतो.

अशा वेळी ‘तिथे काय ठेवलंय?’ किंवा ‘इथे किती माणसं आहेत आपली!’ यांसारखी वाक्ये उपयोगी पडत नाहीत. तिथे तिचे सगळे होते. ते सुटल्याचे दुःख मान्य केले, तर नव्याशी जुळवून घेणे सोपे जाते. जुन्या मैत्रिणीशी आठवड्यातून ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, खोलीतला रंग किंवा पलंगाची जागा ठरवण्याचे स्वातंत्र्य, घराजवळची शाळा, शेजारच्या एका तरी मुलीशी शाळा सुरू होण्यापूर्वी ओळख, या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. पहिल्या सत्रात गुणांची चिंता बाजूला ठेवावी, हे वर्गशिक्षिकेला आधीच सांगता येते. मुलाची झोप, भूक किंवा बोलणे दीर्घकाळ बिघडले, तर समुपदेशकाची मदत घेण्यात कमीपणा नाही.

पालकांपैकी एकाला परतायचे होते आणि दुसऱ्याने मान तुकवली, असेही अनेक घरांत असते. पहिल्या पावसाळ्यात खड्डे, वीज जाणे, मुलांचे आजारपण सुरू झाले, की ‘तूच म्हणाला होतास’ची पहिली ठिणगी पडते. मुले ते ऐकतात आणि आपण इथे कायमचे आहोत की नाही, याचा अंदाज घेत राहतात. ‘दोन वर्षांनी सगळे मिळून पुन्हा विचार करू’ असे आधीच ठरवलेले असेल, तर रोजचा दिवस परीक्षेचा राहत नाही.

कोथरूडच्या घरात दिवाळीपर्यंत धाकट्याने किल्ल्यासाठी माती कालवायला शिकून घेतले असेल. मोठी दुकानाच्या पाट्या अडखळत वाचू लागली असेल. न्यू जर्सीला ती अजूनही ‘घर’ म्हणेल, बहुधा कोथरूडलाही. आई-बाबांनी त्यातले एक तिच्याकडून खोडून घ्यायची घाई करू नये. अठराव्या वर्षी कायदाही तिला हाच प्रश्न विचारणार आहे.